सहीचं चित्र आणि बिनसहीचं

दारव्ह्याच्या गफूरचाचा मणियारांनी मला मदत केली, हे आधी लिहून टाकतो. पुढे या हकिगतीत अधीक्षक येतात, कमिटी येते, फाईल येते, आणि त्या गर्दीत चाचांचं नाव मागे पडतं. कमिटीच्या ठरावात तर ते आलंच नाही. चाचा बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करायचे. आज दारव्हा, उद्या बोरी अरब, परवा आणखी कुठे. त्यांच्या पडवीत मी राहत होतो. मी कोल्हापूरकडचा, सहावीतून शाळा सुटलेला, आणि या मुलखात माझं दुसरं कोणी नव्हतं.

तर, अधीक्षक साहेब माझ्या पाठीमागे उभे होते आणि मी डोक्याचा गोटा केलेल्या एका मुलीला दोन वेण्या काढत होतो.

"रिबिनी लाल करा," साहेब म्हणाले.

"साहेब, हिला केसच नाहीत."

"आत्ता नाहीत. उवा झाल्या म्हणून काढलेत. येतील ना! फाईल काय एका दिवसाची असते का, पेंटर? फाईल वर्षानुवर्षं राहते. तोवर केस येतात."

मी रिबिनी लाल केल्या.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. त्या काळात आमच्या धंद्याला बरे दिवस होते. यवतमाळ जिल्हा आधी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला आणि नंतर महाराष्ट्रात आला. राज्य बदललं की पाट्या बदलतात. लोक मिरवणुका काढत होते तेव्हा मी शिडीवर उभा राहून जुनी अक्षरं खरवडत होतो. असाच पाट्या रंगवत मी दारव्ह्याच्या एका बालगृहात पोचलो. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे अनाथ, हरवलेली, टाकलेली अशी चाळीसेक मुलं होती. वरून हुकूम आला होता की प्रत्येक मुलाच्या फाईलला ओळखीसाठी त्याची छबी लावावी. फोटोग्राफर यवतमाळहून आला, त्यानं डोक्यावर काळं कापड घेतलं, आणि निम्मी मुलं ओरडत कुंपणापलीकडे पळाली. ती गोळा करण्यात दिवस गेला. फोटोग्राफर पुन्हा यायला तयार होईना. साहेबांची नजर शिडीकडे गेली. शिडीवर मी होतो.

"माणसं काढता येतात का तुम्हाला?"

"कोल्हापूरला सिनेमाचे बॅनर केलेत, साहेब."

"मग झालं!"

बॅनरचं काम असं असतं. आधी नटाच्या लहान फोटोवर चौकटी आखायच्या. तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या. या चौकटीतलं त्या चौकटीत उतरवलं की माणूस तयार. मग गालावर गुलाबी, नाकाखाली सावली आणि डोळ्यात पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला हायलाइट म्हणतात. हायलाइट टाकला की कसलाही माणूस सुखी दिसतो. मी सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली हेच केलं होतं. समोर जिवंत माणूस बसवून चित्र काढायचं असतं हे मला ऐकून माहीत होतं.

त्यामुळे बालगृहातली सगळी मुलं माझ्या हातून हिरो झाली. खरजेची तोंडं गुळगुळीत झाली. खपाटीला गेलेली गालफडं भरली. एका पोराचा समोरचा दात पडला होता, तो मी परत बसवला. साहेब खूष. प्रत्येक चित्राखाली त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, "सदर छबी हुबेहूब आहे", आणि सही. मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी कमिटी येणार होती, तेव्हा सगळं नियमात पाहिजे. मीही झोकात सह्या केल्या. आईला पत्र पाठवलं की मला सरकारी काम लागलं आणि माझ्या सहीला किंमत आली. काम सरकारी नव्हतं. सहीच्या किमतीचं पुढे येईल.

वेण्या काढल्या त्या मुलीचं नाव चंपा. ती बोरी अरबच्या बाजारात एकटी सापडली, तो आठवडा चंपाषष्ठीचा होता, म्हणून संस्थेनं चंपा ठेवलं. रजिस्टरात लिहिलं होतं: वय अंदाजे सात, मुकी, मंदबुद्धी. येत्या कमिटीत तिला नागपूरला मुक्या-मंद मुलांच्या संस्थेत पाठवायचं ठरणार होतं. एकदा तिकडे गेली की इकडची फाईल बंद. मग तिला शोधत कोणी आलं तरी त्याला कोण सांगणार होतं? पण तिला कोणी शोधत असेल असं तिथे कोणाच्या मनात येत नव्हतं. माझ्याही आलं नाही.

लाल रंगाची डबी माझ्या हातून निसटली आणि तिच्या पायावर सांडली, तेव्हा ती बोलली. चांगलं लांबलचक बोलली. त्यात रागही होता. मला एक अक्षर कळलं नाही, पण ती मला शिव्या देत होती एवढं नक्की. मी ऑफिसात धावलो.

"साहेब, ती चंपा बोलते."

"काय बोलते?"

"ते कळत नाही."

"मग ते बोलणं नव्हे, पेंटर. आवाज आहे तो. मुकी मुलं आवाज काढतात."

साहेब वाईट माणूस नव्हते. मुलांना दोन वेळ जेवण मिळावं म्हणून ते खरंच खटपट करायचे. पण रजिस्टरात एकदा शाईनं गेलं की ते त्यांना देवानं लिहिल्यासारखं वाटायचं. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात मी तरबेज होतो. कामावरून काढलं तर कोल्हापूरला कोणत्या तोंडानं जायचं, या एका काळजीनं मी त्या वर्षी सगळ्यांना "होय साहेब" म्हणत होतो. पोस्टमनलासुद्धा.

संध्याकाळी चाचा पेटी आवरत होते. लाखेच्या इकडे, काचेच्या तिकडे. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि ती मुलगी पुन्हापुन्हा म्हणत होती ते दोन-तीन शब्द जसे कानात राहिले होते तसे म्हणून दाखवले.

चाचांचा हात थांबला.

"हे तं कोलामाची बोली होय, बाबू. माही सासुरवाड घाटंजीची. तिथं बाजाराले येतेत जंगलातले कोलाम लोकं पोडावरून."

"पोड म्हणजे?"

"त्याइची वस्ती. अन् मुकी काहून म्हणते तुहा साहेब? मले उद्या चिनी लोकाइत नेऊन बसवलं तं मीबी मुकाच."

"ती बोरी अरबला सापडली. घाटंजी केवढी लांब."

"कापूस वेचाले येतेत ना टोळ्या! बाजारात पोट्टी हात सोडून गेली असंन. तिची माय पागल होऊन राह्यली असंन, अन् तू इथं रिबिनी काढून राह्यला. चित्र हाय का तिचं?"

फाईलमधल्या चित्राची नक्कल माझ्या वहीत होती, ती मी दिली. दुसऱ्या दिवशी बोरीचा बाजार होता. चाचांनी पेटीला टेकवून ते चित्र दिवसभर ठेवलं. संध्याकाळी परत आले आणि कागद माझ्यापुढे टाकला.

"काय झालं, चाचा?"

"काय व्हाचं हाय? चार जणाइनं इचारलं, टुरिंग टॉकीज कुठं लागली म्हणून. एक म्हातारा म्हणे, ह्या बाईचा पहिला खेळ मी पाह्यला."

मी कागद उचलला.

"बाबू, खरं सांग. हे पोट्टी अशी हाय?"

"नाही."

"मंग खाली सही कोनाची?"

"माझी."

"वा रे पठ्ठ्या!" चाचा हसले, पण मला ते लागलं. मग माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पाय, माणूस तोंड इसरते. मी मनगट इसरत नाही. पोरीबाळींच्या हातात बांगड्या भरताना आंगठा कसा दबते, हाड कुठं लागते, ते माह्या बोटाले याद राह्यते. तू हात काढ तिचे. अन् तोंड काढशीन तं जसं हाय तसं काढ. लिपू नोको."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चंपाला निंबाखाली बसवलं. आधी ती माझ्याकडे नाही, रंगाच्या डबीकडे बघत होती. डबी लांब ठेवली तेव्हा बसली. चौकटी आखायला हाताशी फोटो नव्हता. नुसतं बघायचं होतं.

कधी नव्हे ते मी बघितलं. गोट्यावर खरजेच्या खपल्या. हनुवटीवर जुना वण. एक कान दुसऱ्यापेक्षा बाहेर आलेला. डोळ्यांखाली काळं, आणि डोळ्यात हायलाइट नव्हता. सावलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यात तो नसतो, हे मला सहा वर्षं धंदा करून तेव्हा कळलं. सुट्टी संपत आली तरी ती हलली नाही. एवढा वेळ तिच्याकडे कोणी बघितलंच नसावं. लोक तिला मोजायचे. हजेरीला एकदा, जेवणाला एकदा.

हात काढायची वेळ आली तेव्हा मी माझा पंजा कागदावर ठेवून दाखवला. तिनं माझा हात ढकलला आणि आपला डावा पंजा ठेवला. मी पेन्सिल बोटांच्या कडेनं फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण ती हसली. करंगळी टोकाला आत वळलेली होती. बरोबर तशीच कागदावर आली. या चित्राखाली मी सही केली नाही. मला धीर झाला नाही. साहेबांनी बघितलं असतं तर विचारलं असतं, हिची तब्येत अशी कोणी केली?

चाचा ते चित्र घेऊन घाटंजीच्या बाजाराला गेले. कमिटीला पाच दिवस होते.

पुढचं मी बघितलेलं नाही. चाचांनी सांगितलं तसं लिहितो.

बाजारात कोलाम बायका आल्या, चाचांनी बांगड्या भरता भरता चित्र दाखवलं. एक बाई वाकून बघू लागली. तिनं चेहरा बघितला, मग कागदावरच्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. चाचांना वाटलं, आनंद झाला. ते म्हणाले, "हो, हो, तुहीच पोट्टी!" बाई आणखीच रडू लागली. बायकांनी तिला धरलं, कागद उचलला आणि सगळ्या पोडाच्या वाटेला लागल्या. पेटी उघडी टाकून चाचांना उठता येईना.

झालं होतं ते असं. त्या बाईनं माणसाचं चित्र आयुष्यात एकाच ठिकाणी बघितलं होतं, बाजारातल्या शेटजींच्या दुकानात. तिथे शेटजींचे वडील होते, आजोबा होते, चौकटीत, हार घातलेले. जिवंत माणसाचं चित्र कशाला कोण काढेल? चित्र निघालं म्हणजे माणूस गेलं. पोरगी गेली आणि मणियार निरोप घेऊन आला, असा तिनं अर्थ लावला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तिचं काय चुकलं? मीही माझ्या आजोबांचं चित्र ते वारल्यावरच काढलं होतं.

चाचांच्या हे रात्री लक्षात आलं, सासुरवाडीत जेवताना. मेव्हण्यानं विचारलं, "भाईजान, चित्राले हार घालाचा राह्यला का?" आणि चाचांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याचा बाजार होता, त्यांचा सगळ्यात मोठा. तो सोडून ते सकाळी पोडावर चालत गेले. तिथे माणसं जमली होती. प्रेत नव्हतं, म्हणून कागदच मातीला द्यायचा असं पोडावरच्या म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. हातभर खड्डा झाला होता. त्यात चित्र ठेवून पहिली मूठ पडली आणि लांबून चाचा ओरडले, "अरे थांबा! जित्ती हाय पोट्टी! जेवते! शिव्या देते!"

चाचा सांगायचे, "लोकं माह्याकडं असे पाहे, जसा मीच मेलेला."

त्यांनी चित्र खड्ड्यातून काढून झटकलं, आणि मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करून समजावलं. बाईचा विश्वास बसला तो एका गोष्टीवर. चाचांनी सांगितलं की पोरीनं पायावर रंग सांडणाऱ्याला कसं झाडलं. बाई रडता रडता हसली. पोरगी तशीच होती म्हणे.

कमिटीच्या दिवशी साहेबांनी पायरीवर रांगोळी घातली होती. कमिटीत तिघं होती. दोन वकील, ते फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या यवतमाळच्या एक वयस्क बाई, खादीचं पातळ नेसलेल्या. फाइली बघता बघता त्या म्हणाल्या, "अधीक्षक, मुलं फार छान दिसतात हो तुमची." साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. तेवढ्यात फाटकातून चाचा आले. मागे ती बाई आणि पोडावरचा म्हातारा.

चंपा अंगणात भांडी घासत होती. आईनं लांबूनच हाक मारली, "जंगू!"

ताट खाली पडलं. पोरगी धावली ती आईच्या पोटात शिरली आणि जे बोलत सुटली ते बोलतच राहिली. इतक्या दिवसांचं साचलेलं. वकीलसुद्धा उठून खिडकीशी आले.

साहेब फाईल घेऊन पुढे झाले. "बाईसाहेब, एक अडचण आहे. रजिस्टरप्रमाणे चंपा मुकी आहे. ही मुलगी बोलते. तेव्हा ही तीच मुलगी आहे असं कसं म्हणायचं?"

कोणी हसलं नाही. ते खरंच विचारत होते.

"यांच्याकडे कागद काय आहे?" एका वकिलानं विचारलं.

म्हाताऱ्यानं धोतराच्या कनवटीतून चित्र काढलं. घडीत माती होती. कमिटीतल्या बाईंनी ते टेबलावर पसरलं, शेजारी फाईलमधलं ठेवलं. इकडे वेण्या, लाल रिबिनी, गुलाबी गाल. तिकडे गोटा, खपल्या, हनुवटीचा वण.

"ही दोन्ही एकाच मुलीची?"

"नाही," साहेब म्हणाले. "फाईलमधलं प्रमाणित आहे. खाली सही आहे. दुसरं कुठून आलं मला माहीत नाही."

नियमानं बघितलं तर साहेब बरोबर होते. प्रमाणित चित्रातली मुलगी वेगळी, समोरची वेगळी. आईला रिकाम्या हातानं परत जावं लागलं असतं आणि पोरीला नागपूरला. बाईंनी विचारलं, "पेंटर कोण आहे?"

मी वळून बघितलं. दाराशी चाचा उभे होते. नुसते माझ्याकडे बघत होते, गिऱ्हाईक काय पसंत करतंय ते बघावं तसे.

"मी, बाई. दोन्ही मीच काढलीत."

"मग खरं कुठलं?"

"सहीचं आहे ते खोटं. बिनसहीचं खरं."

"आणि बाकीची चाळीस?"

"सगळ्यांवर सही आहे, बाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढला, मातकट कागद पुढे सरकवला आणि जंगूला खूण केली. जंगूला ही खूण माहीत होती. तिनं आपला डावा पंजा रेघेवर ठेवला, वाकडी करंगळी वाकड्या करंगळीवर. आणि पुन्हा हसली.

मायलेकी त्याच दिवशी गेल्या. जाताना आईनं ते चित्र मागितलं नाही. ते तिला घरात नको होतं.

कमिटीचा ठराव मी नंतर वाचला. अर्धी राहिलेली पाटी पुरी करायला ऑफिसात गेलो होतो तेव्हा. पहिल्या कलमात चित्राद्वारे ओळख पटवण्याची अभिनव योजना राबवल्याबद्दल अधीक्षकांचं अभिनंदन होतं. दुसऱ्या कलमात खोटं प्रमाणपत्र दिल्याबद्दल पेंटरला कामावरून कमी करावं असं होतं. तिसऱ्यात सर्व मुलांची चित्रं नव्यानं, जशी असतील तशी, हाताच्या ठशासह काढून घ्यावीत असं होतं. काढून कोणाकडून घ्यावीत ते लिहिलं नव्हतं. आठ दिवसांनी साहेबांनी शिपाई पाठवला.

"पेंटर, तिसरं कलम कोण करणार?"

"मला दुसऱ्या कलमानं काढलंय, साहेब."

"त्यात कमी करावं म्हटलंय. परत घेऊ नये असं कुठे म्हटलंय?"

मी चाळीसही पुन्हा काढली. पडलेला दात पडलेला ठेवला. त्या चित्रांवरून आणखी एक मुलगा घरी गेला. बाकीच्यांना शोधत कोणी आलं नाही, आणि ती चित्रं फाइलीत राहिली. पण कोणी आलंच, तर त्याला आपलं मूल ओळखू येईल एवढी सोय मी केली आहे. आता माझं यवतमाळला लहानसं दुकान आहे. शिकायला येणाऱ्याला मी एकच सांगतो. सही शेवटी करायची, आणि करण्याआधी चित्राकडे नाही, माणसाकडे बघायचं.

राहता राहिले चाचा. पोडावर जाताना सोडलेल्या त्या बाजाराचा विषय काढला की ते म्हणतात, "छोड ना बाबू." त्यांचे गुडघे आता धरतात, तरी पेटी डोक्यावर घेऊन घाटंजीला जातातच. तेव्हा इथे लिहून ठेवतो. कधीतरी एक दिवस मी दुकान बंद ठेवीन, चाचांना घरी खाटेवर बसवीन आणि त्यांचा बाजार मी करीन. बांगड्या भरायला मला येत नाही. अर्ध्या फोडीन. पण करीन.